तोळाभर तांबं

1833 साली कंपनी सरकारने तोळ्याचं वजन कायम केलं ते 180 ग्रेन, आजच्या हिशेबात सुमारे 11.66 ग्रॅम. सोनाराच्या काट्यावरचा हा तोळा टेक्ससच्या रानात वेगळ्याच रूपात भेटतो. 1906 पासून चालत आलेलं .30-06 हे अमेरिकेतलं रायफलीचं फार लोकप्रिय शिकारी काडतूस. ते वापरणाऱ्या जुन्या जाणत्या शिकाऱ्याला विचारा, गोळी कुठली? उत्तर येईल, 180 ग्रेनची. तोळ्याला तोळा, गुंजेचाही फरक नाही.

ही तोळाभराची गोळी पिढ्यान्‌पिढ्या एकाच पद्धतीने होत आली. आत शिसं आणि वर तांब्या-जस्ताच्या मिश्रधातूचं पातळ कवच. गेल्या पस्तीसेक वर्षांत मात्र आतलं शिसं पार काढून टाकलेल्या, बुडापासून टोकापर्यंत निव्वळ तांब्याच्या गोळ्या बाजारात आल्या आणि शिकाऱ्यांच्या गप्पांत दोन तट पडले. एकाचं म्हणणं, शिशासारखं दुसरं काही नाही. दुसऱ्याचं म्हणणं, एकदा तांबं वापरलं की माणूस मागे वळून बघत नाही. वादातला शिकारीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी आत जे भौतिकशास्त्र चाललेलं असतं ते थक्क करणारं आहे. ते कळायला बंदूक हातात धरावी लागत नाही.

आमचं शुगर लँड ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला, फोर्ट बेंड काउंटीत. गावाचं नाव साखरेच्या कारखान्यावरून पडलं. आज इथे उसाचं टिपरूही दिसत नाही. दिसतात त्या आखीव वसाहती, शनिवारच्या मराठी शाळेच्या गडबडीत निघालेले आईबाप आणि 2024 मध्ये अष्टलक्ष्मी मंदिरात उभी राहिलेली 90 फुटी हनुमंताची मूर्ती. पण गाडी अर्धापाऊण तास दक्षिणेला हाकली की ब्रॅझोस बेंड स्टेट पार्क लागतं. तिथे तळ्याकाठी मगरींचे भाईबंद अ‍ॅलिगेटर पडलेले असतात आणि संध्याकाळी झाडीच्या कडेला पांढऱ्या शेपटीची हरणं येतात. टेक्ससमध्ये या व्हाइटटेल हरणांची संख्या पन्नास लाखांच्या वर आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी शिकारीचा मुख्य हंगाम उघडतो. त्याच्या आधी पंधरवडाभर पेट्रोल पंपावर मक्याच्या पोत्यांची थप्पी लागते, पिकअप ट्रकांच्या मागे मचाणं लादली जातात आणि ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत 'डियर लीज'चे विषय निघतात. लीज म्हणजे शिकारीपुरती भाड्याने घेतलेली जमीन. टेक्ससची बहुतेक जमीन खासगी, त्यामुळे जंगल असं फुकट मिळत नाही.

आता त्या गोळीकडे वळू. 1980 च्या दशकात रँडी ब्रुक्स नावाचा एक गोळ्या बनवणारा माणूस अलास्कात अस्वलाच्या शोधात दुर्बीण लावून बसला होता. शिशाची गोळी जनावराच्या हाडावर आपटून फुटते, निम्मं वजन वाटेतच गमावते आणि खोल जात नाही, ही त्याची जुनी डोकेदुखी. शिसंच काढून टाकलं तर, असा विचार तिथे त्याच्या डोक्यात आला, असं तो पुढे सांगत असे. 1989 मध्ये त्याच्या बार्न्स कंपनीने 'एक्स बुलेट' विकायला काढली. पुढून पाहिलं तर उघडलेली गोळी इंग्रजी एक्स अक्षरासारखी दिसते, म्हणून ते नाव.

गोळीची रचना सांगायला सोपी आहे. तांब्याच्या दांड्याचा लांबट तुकडा, टोकाकडे निमुळता. टोकात एक बारीक खोल भोक आणि भोकाच्या आतल्या भिंतीवर कमकुवत रेघा पाडलेल्या. संपली यादी. ना स्प्रिंग, ना स्फोटक, ना हलणारा भाग. तरीही हरणाला लागताच ही गोळी स्वतःहून उमलते, चार पाकळ्या मागे वळवते, आपला व्यास जवळजवळ दुप्पट करते आणि तशीच पलीकडून बाहेर पडते.

उमलवतं कोण? पाणी.

हरणाचं मांस, फुप्फुसं, रक्त हे सगळं बहुतांशी पाणीच. .30-06 मधून सुटलेली 150 ग्रेनची गोळी शंभर मीटरवर पोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला साधारण 830 मीटर असतो. त्या वेगाने पाण्यात घुसणाऱ्या वस्तूच्या नाकावर किती दाब येतो, हे अकरावीच्या भौतिकशास्त्रातल्या सूत्राने काढता येतं: घनतेच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. कागद घेऊन बसा. 1000 गुणिले 830 गुणिले 830, भागिले दोन. उत्तर येतं सुमारे 34 कोटी पास्कल, म्हणजे 3400 वातावरणांइतका दाब. प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेच्या तळाशी, पृथ्वीवरच्या सर्वांत खोल पाण्यात, दाब असतो जेमतेम 1100 वातावरणं. टेक्ससच्या एका कुरणात, एका हरणाच्या बरगडीआड, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या धातूच्या टोकावर क्षणभर त्याच्या तिप्पट दाब उभा राहतो. टोकातल्या भोकात शिरलेलं पाणी या दाबाने भिंती बाहेर ढकलतं. मऊ केलेलं तांबं 20-22 कोटी पास्कलच्या ताणाला तुटतं आणि वाकायला तर त्याहून कितीतरी कमी ताणात लागतं. मग रेघांवरून भिंत चिरते आणि पाकळ्या मागे वळतात.

इथे तांब्याचा स्वभाव कामाला येतो. पुण्याच्या तांबट आळीत ज्याने बंब नाहीतर घागर घडताना पाहिली असेल त्याला हा स्वभाव माहीत आहे. पत्रा ठोकत गेलं की तांबं कडक होत जातं, भट्टीत तापवलं की पुन्हा नरम पडतं. तांबट दिवसभर हेच करतो: ठोक, तापव, ठोक. गोळीच्या कारखान्यातही तोच खेळ आहे, फक्त काटेकोर. तांबं फार कडक राहिलं तर पाकळ्या वळण्याऐवजी कडकन तुटतील. फार नरम राहिलं तर त्या बुडापर्यंत सोलल्या जातील. दोहोंच्या मधला बिंदू साधला की पाकळी वळते, वळताना स्वतःच कडक होत जाते आणि ठरावीक जागी थांबते. बुडाकडचा भाग भरीव असल्याने तसाच राहतो. हरणाच्या अंगातून निघून मागच्या मातीत सापडलेली अशी गोळी काट्यावर ठेवली तर मूळ वजनाच्या 95 टक्क्यांहून जास्त भरते. पुष्कळदा जवळजवळ शंभर.

आणि हे सगळं होतं किती वेळात? हरणाची छाती आडवी मोजली तर फार तर पस्तीस सेंटिमीटर. गोळी ती पार करते साधारण अर्ध्या मिलिसेकंदात. आपली पापणी लवायला शंभर मिलिसेकंदांहून जास्त लागतात. रायफलीच्या नळीतल्या पेचामुळे ही गोळी मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेऱ्या घेत असते. आकडा ऐकून वाटतं की ती गिरमिटासारखी पोखरत जात असेल. पण हिशेब केला तर वेगळंच दिसतं. नळीचा पेच दहा इंचांना एक वळसा असा असतो, म्हणजे पस्तीस सेंटिमीटरच्या छातीतून जाताना गोळी जेमतेम सव्वा ते दीड वेळा फिरते. दोन लाख फेऱ्यांच्या वेगाने फिरणारी वस्तू जनावराच्या आत दोन वेळाही फिरत नाही! मला तर या आकड्याची गंमत कितीही वेळा सांगितली तरी पुरत नाही.

दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, तसा तो वर्गानेच घटतो. वेग दोनतृतीयांशावर आला की दाब निम्म्याच्याही खाली जातो. वेग सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या आसपास उतरला की तो दीड हजार वातावरणांवर येतो आणि तिथेच बहुतेक तांब्याच्या गोळ्यांची मर्यादा येते. त्याखाली टोक नीट उघडत नाही. शिसं फार मऊ असल्याने त्याहून कमी वेगातही पसरतं. शिकाऱ्यांची तांब्याबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार इथूनच जन्मली: 'पेन्सिलीसारखं भोक पाडून गेली, हरीण पळालं.' ही तक्रार खोटी नाही. उघडली न गेलेली गोळी अरुंद भोक पाडून जाते आणि जनावर लांबवर जाऊन मरतं. .30-06 सारख्या वेगवान रायफलीत ही वेळ चारशे मीटरच्या पुढे येते आणि तेवढ्या लांबून हरणावर गोळी झाडण्याचं धाडस शहाण्याने करूच नये. पण 1895 पासूनचं .30-30, म्हणजे काउबॉय चित्रपटांतल्यासारख्या खटका मागेपुढे करायच्या बंदुकीचं काडतूस, मुळातच मंद. त्यात नेहमीची तांब्याची गोळी दीडशे मीटरच्या आसपासच हात टेकते. त्यासाठी लवकर उमलणाऱ्या वेगळ्या गोळ्या घ्याव्या लागतात.

दुसरी अडचण लांबीची. शिशाची घनता 11.34, तांब्याची 8.96. तेवढंच वजन हवं तर तांब्याची गोळी लांब करावी लागते आणि लांब गोळी हवेत स्थिर ठेवायला तिला अधिक जोरात फिरवावं लागतं. गोळीच्या लांबीवरून नळीचा पेच किती हवा हे काढायचं सूत्र वूलिचच्या तोफखाना अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये मांडलं. आजही ते ढोबळ अंदाजाला वापरतात. म्हणून तांब्याकडे वळलेला शिकारी तोळ्याचा हट्ट सोडतो आणि दहा मासे, म्हणजे 150 ग्रेन, यावर समाधान मानतो. गोळी हलकी झाल्याने वेग वाढतो, वेग वाढल्याने ती अधिक चांगली उमलते आणि वजन वाटेत न गमावल्याने पलीकडून बाहेर पडतेच. सुटताना 180 ग्रेनची असलेली शिशाची गोळी फुटत फुटत छातीच्या पलीकडच्या कातडीशी पोचते तेव्हा तिचं वजन कित्येकदा या 150 पेक्षा कमी भरतं.

सुरुवातीच्या एक्स गोळ्यांनी शिकाऱ्यांना छळलंही भरपूर. भरीव तांबं नळीत सहज दबत नाही, त्यामुळे दाब चढायचा आणि नळीच्या आत तांब्याचा लेप बसून नेम बिघडायचा. 2003 मध्ये गोळीच्या अंगावर बांगड्यांसारख्या आडव्या खाचा पाडल्या, दबलेल्या तांब्याला सरकायला जागा मिळाली आणि तक्रारी बऱ्याच मिटल्या. पुढे हॉर्नेडी, नॉस्लर, फेडरल अशा सगळ्याच मोठ्या कंपन्यांनी आपापल्या तांब्याच्या गोळ्या काढल्या. महाग आहेत, हे खरं. पण हरणाच्या एका हंगामात माणूस झाडतो किती?

आता मुद्द्याचा प्रश्न. हरीण पडतं का?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. छातीत गोळी लागलेलं हरीण जागच्या जागी कोसळतं, हे सिनेमात. हृदय फाटलं तरी मेंदूत शिल्लक असलेल्या प्राणवायूवर ते दहा-पंधरा सेकंद धावू शकतं आणि दहा सेकंदांत व्हाइटटेल शंभर मीटर सहज काढतं. ते पळालं म्हणजे गोळी फसली असं नाही. त्यामुळे एकेका शिकाऱ्याच्या आठवणींवर हा वाद सुटत नाही, बरीच जनावरं मोजावी लागतात. डेन्मार्कमध्ये तशी मोजली. नील्स कान्स्ट्रुप आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 657 खूरधारी जनावरांची नोंद आहे, मुख्यतः रो आणि रेड हरणं. गोळी लागल्यावर जनावर किती अंतर पळालं, हे तांबं आणि शिसं अशा दोन्ही बाजूंनी तपासलं. प्रत्यक्ष शिकारीत जाणवेल असा फरक निघाला नाही. बर्लिनच्या लायबनित्झ संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये वेगळ्या वाटेने तोच प्रश्न सोडवला. त्यांनी जखमांचा आकार मोजला. उमलणारी शिसेविरहित गोळी आणि शिशाची गोळी यांच्या जखमा मारकपणात सारख्याच ठरल्या.

तेव्हा निकाल असा की वेग पुरेसा असेल तर तांबं शिशाइतकंच मारतं. फरक मारण्याच्या तऱ्हेत आहे. शिशाची गोळी वाटेत फुटून रुंद, विस्कळीत जखम करते. तांब्याची गोळी अरुंद, खोल आणि सरळ मार्ग काढते. म्हणून जाणते शिकारी तांबं वापरताना नेम थोडा पुढे, खांद्याच्या हाडाकडे सरकवतात. शिशाच्या गोळीला जे हाड अडवायचं तेच तांब्याच्या गोळीला उमलायला मदत करतं. आणि ती बहुधा पलीकडून बाहेर पडत असल्याने दुसरं भोक पडतं, रक्ताचा माग मिळतो आणि पूर्व टेक्ससच्या दाट झाडीत पळालेलं हरीण सापडतं. जखमी जनावर रानात तडफडत राहू नये ही शिकाऱ्याची पहिली जबाबदारी मानली, तर हा फायदा लहान नाही.

इथवरची बरोबरी पाहून कुणी म्हणेल, मग खटाटोप कशाला? शिसं काय वाईट होतं? याचं उत्तर क्ष-किरणांच्या फिल्मवर आहे.

2009 मध्ये ग्रेंजर हंट आणि सहकाऱ्यांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या, कोथळा काढलेल्या 30 व्हाइटटेल हरणांचे क्ष-किरण फोटो काढले. तिसांच्या तिसांत धातूचे कण. कमीत कमी 15, जास्तीत जास्त 409, सरासरी 136. काळ्या फिल्मवर पांढरे ठिपके, जखमेपासून लांबवर उधळलेले. मग ही हरणं एकेक करून वेगवेगळ्या खाटिकांकडे दिली आणि परत आलेली खिम्याची पाकिटं यंत्राखाली धरली. 30 पैकी 24 हरणांच्या खिम्यात कण सापडले. 234 पाकिटांपैकी 32 टक्क्यांत निदान एक तरी. खाटिकांनी जखमेभोवतीचं मांस आपल्या परीने काढून टाकलं होतं, तरीही. कारण हे कण इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत, दाताखाली लागत नाहीत. हाच खिमा डुकरांना खाऊ घातला तेव्हा त्यांच्या रक्तातलं शिसं चढलं.

त्याच्या आदल्या वर्षी, 2008 मध्ये, नॉर्थ डकोटात गोरगरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसाची पाकिटं एका डॉक्टरने तपासली. निम्म्याहून जास्त पाकिटांत धातू दिसला. राज्याच्या आरोग्य खात्याने अन्नछत्रांना ते मांस वाटू नका असं सांगितलं. त्याच वर्षी मिनेसोटाच्या वन्यजीव खात्याने मेंढ्यांच्या धडांवर निरनिराळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. झटकन फुटणाऱ्या शिशाच्या गोळीचे सरासरी एकशेचाळीसच्या आसपास तुकडे मिळाले. तांब्याच्या गोळीचे सरासरी दोन.

तांब्याचे दोन तुकडे पोटात गेले तरी बिघडत नाही. तांबं शरीराला थोडं लागतंच. शिशाला शरीरात काहीही काम नाही. लहान मुलाच्या रक्तात अमुक इतकं शिसं चालेल अशी सुरक्षित पातळीच अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला सापडलेली नाही. बुद्धीवर, वाढीवर त्याचे परिणाम कायमचे असतात.

माणसाचं एक वेळ सोडा, त्याला निवड आहे. गिधाडाला नाही. शिकारी हरीण पडल्या जागीच त्याचं पोट फाडून कोथळा काढतो आणि तिथेच टाकून मांस घेऊन जातो. तो कोथळा म्हणजे गिधाडं, गरुड, कोल्ह्यांचं जेवण, आणि जखम छातीतली असल्याने शिशाचे पुष्कळ कण नेमके त्यातच असतात. कॅलिफोर्नियाचा काँडोर हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा उडणारा पक्षी 1980 च्या दशकात नामशेष होण्याच्या काठावर आला. 1987 मध्ये उरलेसुरले सगळे काँडोर पकडून पिंजऱ्यात वाढवले आणि 1992 पासून पुन्हा रानात सोडले. सोडलेल्या पक्ष्यांना सर्वांत जास्त मारलं ते शिशाने. 2022 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या 38 राज्यांतले 1210 गरुड तपासले होते. टकल्या आणि सोनेरी अशा दोन्ही गरुडांत 46 ते 47 टक्के पक्ष्यांच्या हाडांत जुनाट शिसेविषबाधेची खूण होती.

मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. आपल्याकडची गिधाडं 1990 नंतर बघता बघता नाहीशी झाली, त्याला कारण ठरलं गुरांना टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक. 2004 मध्ये ते उघड झालं, 2006 मध्ये त्या औषधाच्या गुरांवरच्या वापरावर बंदी आली. दोन्हीकडे खलनायक कुणीच नव्हतं. एकीकडे दुखणाऱ्या गुराला औषध देणारा शेतकरी, दुसरीकडे कुटुंबासाठी मांस आणणारा शिकारी. दोघांनाही मेलेल्या जनावराच्या अंगात मागे काय उरतं, ते कुणाच्या पोटात जातं, याची कल्पना नव्हती.

कायदा ठिकाणाठिकाणी वेगळा आहे. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिसं पूर्ण बंद. अ‍ॅरिझोनाने बंदी न घालता काँडोरांच्या टापूतल्या शिकाऱ्यांना तांब्याच्या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली आणि बहुसंख्य शिकारी आपणहून आले. डेन्मार्कने 2024 मध्ये रायफलीतलंही शिसं बंद केलं. टेक्ससमध्ये हरणासाठी अशी सक्ती नाही. बदकं-हंसांसाठी मात्र 1991 पासून देशभर शिशाचे छर्रे बंद आहेत. तेव्हा ह्यूस्टनच्या पश्चिमेला भाताच्या शेतांत हंस मारायला जाणाऱ्या इथल्या मंडळींनी तीस वर्षांपूर्वीच शिशाला रामराम केलेला आहे.

टेक्ससच्याच भूमीवर याबाबत एक झकास प्रयोग झाला, हरणावर नाही, होल्यांवर. राज्याच्या वन्यजीव खात्याने 2008 आणि 2009 च्या हंगामांत मध्य टेक्ससमध्ये शिकाऱ्यांना सारखी दिसणारी काडतुसं दिली, काहींत शिसं, काहींत पोलाद. कुठल्यात काय आहे हे ना शिकाऱ्याला माहीत, ना त्याच्याबरोबर उभ्या असलेल्या निरीक्षकाला. शिकारीच्या यशात फरक पडला नाही आणि कोणतं काडतूस कशाचं हे शिकाऱ्यांना ओळखताही आलं नाही. 'मला लगेच कळतं' असं म्हणणाऱ्यांनी जरा गप्प बसावं असा हा निकाल आहे.

टेक्ससच्या या रानात आपलीही माणसं, चुकलो, आपली जनावरं आहेत. 1932 च्या सुमारास इथे आणून सोडलेले भारतातले चितळ आज ऑस्टिन-सॅन अँटोनियोच्या पश्चिमेच्या टेकड्यांत हजारोंनी आहेत. इथे त्यांना अ‍ॅक्सिस डियर म्हणतात. काळवीटही आहेत. किंग रँचने 1920-30 च्या दशकांत आणलेल्या नीलगाई दक्षिण टेक्ससच्या किनारी गवताळ भागात पसरल्या आहेत. राज्याच्या नियमांत ही 'परदेशी' जनावरं, त्यामुळे त्यांना ना हंगाम, ना संख्येची मर्यादा. परवाना आणि जमीनमालकाची परवानगी असली की झालं. ताडोबात ज्या चितळाला 1972 च्या कायद्याचं संरक्षण आहे, रेहेकुरीच्या माळावर ज्या काळविटासाठी अभयारण्य आहे, त्यांचेच भाऊबंद इथे बारमाही बंदुकीच्या टप्प्यात. नीलगाईचा नर तर अडीचशे किलोंपर्यंत जातो. खांद्यावरची कातडी जाड, हाड मजबूत. तिथे फुटून जाणारी शिशाची गोळी वरवरच अडकते आणि जनावर जखमी होऊन निसटतं. म्हणून नीलगाईच्या शिकारीला जाणारे अनेक जण न फुटणारी तांब्याची गोळीच पसंत करतात. दख्खनच्या माळावरचं जनावर आणि अलास्कातल्या अस्वलामुळे सुचलेली गोळी, भेट मेक्सिकोच्या आखाताजवळ.

उमलणाऱ्या गोळीच्या कुळकथेतही भारत आहेच. 1890 च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी कवचाचं टोक उघडं ठेवलेली, लागताच पसरणारी लष्करी गोळी तयार केली. तिच्या जखमांनी जग हादरलं आणि 1899 च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी घातली. शिकारीत नेमकं उलटं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणावर न पसरणारी लष्करी धर्तीची गोळी चालत नाही, कारण तिने जनावर झटकन मरत नाही. माणसावर जे क्रूर ठरलं तेच हरणाच्या बाबतीत दयेचं मानलं गेलं. हा विरोधाभास मला अजून नीट पचलेला नाही.

शिकार करावी की करू नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आमच्याकडचे बरेच जण हरणाकडे फक्त ब्रॅझोस बेंडला मुलांना घेऊन जातात तेव्हाच बघतात आणि ते छानच आहे. पण शुगर लँडला राहणाऱ्या, मांस खाणाऱ्या कुठल्याही मराठी घरात हिवाळ्यात कधी ना कधी शेजारी किंवा ऑफिसातला मित्र प्रेमाने हरणाचे सॉसेज, नाहीतर खिम्याचं गोठवलेलं पाकीट आणून देतो. इथली ती जुनी रीत आहे आणि तिचा मान राखायलाच हवा. फक्त आभार मानताना एवढं विचारा: गोळी तांब्याची होती का? कुणाला राग येत नाही, उलट शिकाऱ्याला आपल्या गोळीबद्दल बोलायला फार आवडतं. उत्तर 'हो' आलं तर मसाला वाटायला घ्या. उत्तर 'नाही' किंवा 'माहीत नाही' आलं तर खिमा आणि सॉसेज लहान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या ताटात वाढू नका. मोठ्यांसाठीही जखमेपासून लांबचे, मागच्या पायाचे सबंध तुकडे मागून घ्या. आणि तुमच्यापैकी कुणी स्वतः मचाणावर बसत असेल, तर पुढच्या हंगामाआधी तांब्याच्या गोळ्यांचं एक खोकं घ्या, आपल्या रायफलीला कोणतं वजन मानवतं ते रेंजवर कागदावर पाहून ठरवा, आणि मगच रानात जा.